काळा करदोडा

कोरीट गावात हेमराजच्या प्रेताला अंगणात आंघोळ घालताना त्याच्या कमरेचा करदोडा तोडला गेला, तेव्हा तो काळा होता. शेजारच्या ओट्यावर त्याचा काका सुकलाल याचे प्रेत होते. त्याचाही करदोडा काळा होता. त्याच दुपारी नंदुरबारला नजीरच्या मय्यतीला गुस्ल, म्हणजे दफनापूर्वीची आंघोळ, देणाऱ्यांनी त्याच्या बोटातील अंगठी साबण लावून उतरवली. तीही काळी होती. तिन्ही वस्तू चांदीच्या होत्या आणि आदल्या सकाळी तिन्ही पांढऱ्या होत्या.

तिघेही चिंचपाड्याच्या पुढे, रस्त्यालगतच्या एका कोंबडीखाद्याच्या गिरणीत कामाला होते. सुकलाल आणि हेमराज हमाली करीत, नजीर यंत्रे दुरुस्त करी. गिरणीच्या मागे एक खड्डा होता. दोन पुरुष खोल, तळाला व कडांना जाड काळे प्लास्टिक, वर पत्र्याचे झाकण. खाद्यात मिसळायची मासळी त्यात साठवीत आणि खाली बसवलेल्या पंपाने उपसून वाळवणीच्या भट्टीकडे नेत. त्या दिवशी पंप तुंबला. नजीर उतरला, त्याच्यामागे सुकलाल उतरला, शेवटी हेमराज. एकही वर आला नाही.

तिघांच्याही अंगावर पांढरी किटे होती: डोक्यापासून पावलांपर्यंत एकसंध अंगरखा, तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा. बर्ड फ्लूच्या साथीत लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, तेव्हा या माणसांनी हीच किटे घालून खड्ड्यांमागून खड्डे भरले होते, आणि त्यांच्यापैकी कोणाला साधा तापही आला नव्हता. उरलेली किटे गिरणीच्या खुंटीला टांगलेली होती. सडलेल्या मांसाच्या खड्ड्यात उतरायचे तर किट घालायचे, हे या भागातील पोल्ट्रीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते ज्ञान त्यांनी साथीत कमावलेले होते आणि त्यावर त्यांचा शास्त्रावर असावा तसा विश्वास होता.

प्रेते लोखंडी आकड्याने ओढून काढावी लागली. शवविच्छेदनात आकड्याच्या जखमा सोडल्या तर अंगावर दुसरी जखम आढळली नाही.

करदोडा प्रथम पाहिला तो हेमराजच्या आईने, भिकुबाईने. तिने तो मुठीत धरून सगळ्यांसमोर नाचवला.

"जहर! मन्हा पोरले कोणी जहर दिन्हं! देखा, चांदी काय खोटं बोलस का?"

विषाने चांदी काळी पडते ही समजूत जुनी आहे. ती बहुतेक विषांच्या बाबतीत चुकीची आहे. परंतु त्या अंगणात ते सांगणारा कोणी नव्हता, आणि असता तरी त्याचे ऐकले गेले असते असे मानण्यास आधार नाही. विष ठरल्यावर देणारा शोधणे उरले. तिघांनी शेवटचे जेवण कोठे घेतले, हे सर्वांना माहीत होते. गिरणीसमोर शाहबाज आणि त्याची बायको तबस्सुम यांची टपरी होती. तिघांनी तेथे शेवभाजी खाल्ली होती.

नंदुरबारला नजीरच्या घरी अंगठी पाहून त्याची आईही याच निष्कर्षाला आली. एरवी एकमेकांच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणाऱ्या दोन वस्त्यांचे या एका बाबतीत, एकमेकांना न विचारता, एकमत झाले.

चिता पेटल्यानंतर हेमराजचा थोरला भाऊ नवनीत घरी परतला नाही. दोन पिकअप भरून माणसे त्याच्याबरोबर निघाली.

शाहबाज कढईसमोर उभा होता. भज्यांचा घाणा नुकताच सोडला होता. त्याने नवनीतला ओळखले आणि फडक्याने बाक पुसला.

"या, नवनीतभाऊ. बसा. चहा टाकस."

"चहा ऱ्हाऊ दे. काल काय टाकेल व्हतं ते सांग."

"कशामा?"

"शेवभाजीमा."

शाहबाज हसला. त्याला ती थट्टा वाटली. "मीठ, मिरची, तेल. जास्ती तिखट लागनं का?"

त्या हसण्यानंतर त्याला बोलायची संधी मिळाली नाही. नवनीतने बाकाची सुटलेली फळी उचलून त्याच्या कानशिलावर मारली. दुसरा फटका तोंडावर बसला आणि दात आतल्या बाजूला वाकले. तो चुलीवर आडवा झाला. कढई कलंडली आणि उकळते तेल त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत पसरले. ही कढई कलंडली की कलंडवली गेली, याबद्दल नंतर दोन जबाब झाले. किंकाळीबद्दल मात्र दुमत नव्हते. ती गिरणीच्या पलीकडच्या शेडपर्यंत ऐकू गेली. तो जमिनीवर पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. तेलात भिजलेल्या मातीत पाय घसरत होते, म्हणून मारणारे एकमेकांचे खांदे धरून मारीत होते.

तबस्सुम आतून झारा घेऊन आली. तिने पहिल्याच माणसाच्या गालावर तो तापलेला झारा दाबला. मग तिला केसांनी धरून रस्त्यावर ओढण्यात आले. तिच्या तोंडात टपरीतील शिळी भाजी कोंबली गेली. "खा! तूच खा आते! मरस का देखूत!" ती मेली नाही. हा पुरावा कोणी लक्षात घेतला नाही.

पोलिसांची गाडी आली म्हणून ती वाचली. शाहबाजला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेले. सकाळ होण्यापूर्वी तो गेला. त्याच्या खुनाचा गुन्हा नोंदवला गेला तो अनोळखी जमावाविरुद्ध. तबस्सुमने नवनीतचे नाव सांगितले होते. पण तोपर्यंत ती स्वतः तीन खुनांची आरोपी होती आणि नवनीत फिर्यादी होता.

मृतांचा व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेले पोटातील अवयव, तपासण्याचे काम चेतना गिरासे या रसायनतज्ज्ञ बाईंकडे आले. बरण्यांसोबतच्या पत्रात 'संशयित विषबाधा' असे शब्द होते. त्यांनी कीटकनाशके पाहिली, उंदराचे औषध पाहिले, धोतरा पाहिला, जड धातू पाहिले. काही आढळले नाही. त्यांनी पुन्हा पाहिले. पुन्हा काही आढळले नाही. तेव्हा तपासी अधिकारी हिंमतराव यांचा फोन आला.

"मॅडम, 'विष आढळले नाही' एवढंच लिहून पाठवू नका. ही बाई सुटेल आणि बाहेर आली की लोक तिला फाडतील. ठाण्यावर दोनदा दगड आलेत."

"आढळलं नाही तर मी दुसरं काय लिहू?"

"मग चांदी काळी कशी पडली, ते तरी लिहा."

"हा प्रश्न बरोबर आहे," चेतनाबाई म्हणाल्या. "तो तुम्ही आधी विचारायला हवा होता."

त्या स्वतः आल्या. ठाण्याची पुढची काच फुटलेली होती आणि तिच्या जागी पुठ्ठा लावला होता. फाटकाशी नजीरची आई बसून होती. तबस्सुमला बाहेर काढतील तेव्हा तिच्या तोंडावर थुंकता यावे यासाठी ती रोज येत असे, असे शिपायाने सांगितले.

तबस्सुमच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फोड होते. नवऱ्याला तेलातून ओढताना ते आले होते. तिने त्यांना पट्टी बांधू दिली नव्हती.

"त्या दिवशी तुमच्याकडे किती जण जेवले?" चेतनाबाईंनी विचारले.

"मोजून कोण वाढतं? गिरणीचे बठ्ठे, एकूण एक. ट्रकवाले. आणि हे." तिने दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे हनुवटी केली. "हवालदारसाहेब, उस दिन दो प्लेट खाई थी ना आपने? आप मरे क्या?"

हवालदाराने छताकडे पाहिले.

"बोला ना. पैसे नाही दिले तर नाही दिले, पण मेले की नाही तेवढं तर सांगा बाईंना."

"जेवलो होतो," हवालदार म्हणाला.

"तुमच्या भांड्यांत चांदी आहे का? तुमच्या अंगावर?"

तबस्सुमने पायातील तोरडी पुढे केली. पांढरी होती. "हे घालूनच मी वाढते. मला आता सोडू नका, बाई. मला सोडून काय करता? मला फक्त हे सांगा, की माझ्या माणसाला कशासाठी मारलं. जे झालंच नाही त्यासाठी मारलं, हे कागदावर लिहून द्या. मग मला त्यांच्यात टाका."

चांदी काळी करणारा पदार्थ रसायनशास्त्रात दुर्मिळ नाही. गंधकयुक्त वायू हवेत असेल तर तो चांदीला धरतो. तीन माणसांच्या पोटात काही नसताना तीन माणसांची चांदी काळी पडली असेल, तर जे काही होते ते खाण्यात नव्हते. ते श्वासात होते. चेतनाबाईंनी हिंमतरावांना खड्डा दाखवण्यास सांगितले.

ही बातमी त्यांच्या आधी पोहोचली. गिरणीच्या आवारात कोरीटहून आलेली माणसे होती, भिकुबाई होती, आणि सगळ्यांच्या पुढे नवनीत होता. गिरणीचा मालक करणसिंग पंख्याखाली खुर्ची टाकून बसला होता.

"मॅडम, वायूचं म्हणता ना," तो उठून म्हणाला, "मी स्वतः काठावर उभा होतो. वायू असता तर वास मारला असता. पहिल्यांदा वास होता, सडक्या अंड्यासारखा. नाकाला पदर लावावा इतका. पण नजीर उतरला आणि त्यानं खालून ओरडून सांगितलं, 'बास गई! आ जाओ!' तेव्हाच सुकलाल उतरला. वास गेल्यावर वायू कुठला?"

"आणि हेमराज?"

"काका पडला म्हणून तो घुसला. त्यानेही किट चढवलं, घाईत पण पूर्ण चढवलं. आधी हीच माणसं कोंबड्यांच्या खड्ड्यांत दहा वेळा उतरलीत. काही नाही झालं." त्याने आवाज उतरवला. "जेवणात असणार, मॅडम. माझ्या गिरणीत नाही."

चेतनाबाईंनी शिशाच्या क्षारात भिजवलेला पांढरा कागद दोऱ्याला बांधला. पत्र्याचे झाकण एका बाजूला सारले, सर्वांना मागे हटवले आणि कागद खाली सोडला. वर ओढला तेव्हा तो काजळीसारखा काळा होता आणि एका कडेला धातूची चमक होती.

"हे करदोड्यावर झालं," त्या म्हणाल्या. "हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू आहे. किटाच्या आत शिरतो. मुखपट्टी जंतू अडवते, वायू अडवत नाही."

मग नवनीत पुढे आला. त्याचा चेहरा तापलेला नव्हता. तो राखेसारखा झाला होता. चेतनाबाईंचे म्हणणे खरे असेल, तर त्याने एका निर्दोष माणसाला उकळत्या तेलात लाथांनी मारले होते. हे त्या आवारात प्रत्येकाला समजले होते आणि सर्वांत आधी त्याला समजले होते.

"बाई, तुमी शिकेल शेत," तो म्हणाला. "पण कागद काय सांगस? कागदले तुमी जे पाजशात ते तो सांगस. मन्हा भाऊ वासवरी मरना नही. त्याले मारी टाकं."

"नवनीतभाऊ, मागे व्हा," हिंमतराव म्हणाले.

"मी उतरस. मी उतरस नि सांगस."

त्याने खुंटीवरचे किट ओढले. हिंमतरावांनी त्याचा दंड धरला. त्याने डोक्यानेच त्यांच्या तोंडावर धडक दिली. हिंमतरावांच्या नाकातून रक्त उसळले आणि ते बसले. दोन शिपाई पुढे आले तेव्हा कोरीटच्या माणसांनी त्यांना अडवले. कोणी दगड उचलला. कोणी ओरडले, "जाऊ द्या त्याले! दखूत कोन खोटं शे!" एका शिपायाची काठी हिसकावून त्याच्याच गुडघ्यावर मारण्यात आली. या गोंधळात नवनीतने अर्धवट किट अंगावर चढवले, मुखपट्टी लावली आणि तो शिडीवरून खाली उतरू लागला.

पहिली पायरी. दुसरी. त्याचा खोकला ऐकू आला. मग आवाज आला, मोठा आणि जवळजवळ आनंदी:

"वास नही! आठे काहीच नही! ए माय, आठे काहीच नही शे—"

त्यानंतर चिखलात पोते पडावे तसा आवाज झाला.

भिकुबाई खड्ड्याकडे धावली. एक तरुण शिपाई, लंगडत, शिडीवर पाय ठेवू लागला. चेतनाबाईंनी त्याला मागून कमरेला धरले. तो सुटू पाहत होता, म्हणून त्यांनी त्याच्या मार लागलेल्या गुडघ्यावर टाच मारली. तो किंचाळून खाली कोसळला. "उतरलात की पाचवे तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांना दुसऱ्या कोणालाही उतरू द्यायचे नव्हते, आणि समजावून सांगण्याइतका अवधी नव्हता.

"आकडा!"

क्रेट ओढण्याचा लोखंडी आकडा दोरासह भिंतीशी होता. करणसिंग जागचा हलला नाही. आकडा आणला तो हवालदाराने. सगळ्यांनी श्वास रोखून काठावर पालथे पडायचे, तोंड बाहेर वळवून घ्यायचे आणि दोर आलटून पालटून धरायचा, असे चेतनाबाईंनी सांगितले. आकडा दोनदा किटाचा कपडा फाडून सुटला. तिसऱ्यांदा तो गळ्याच्या हाडाखाली रुतला. हाड दिसत होते, आणि तेच ओढायचे होते. कोरीटच्या ज्या माणसांनी शिपायांना मारले होते त्यांनीच दोर धरला. नवनीत वर आला तो उघड्या डोळ्यांनी, जिभेवर फेस घेऊन, आकड्याला टांगलेला.

त्याला वाऱ्याच्या बाजूला नेऊन उताणे टाकले. छाती दाबली. तो ओकला. श्वास परत आला तेव्हा आकडा अजून त्याच्या खांद्यात होता आणि नवनीत हाताने तो चाचपत होता.

"वास नव्हता," तो पुटपुटला. "मायनी आण. वास नव्हताच."

तो खोटे बोलत नव्हता. नजीरही खोटे बोलला नव्हता. या वायूचे प्रमाण थोडे असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो; प्रमाण मारक झाले की तो वास घेणारी नाकातील संवेदनाच बंद पडते. वास जाणे हा धोका टळल्याचा संकेत नसून तो सुरू झाल्याचा असतो. नजीरने वर ओरडून जे सांगितले, ते त्याला खरोखर जाणवले होते, आणि त्यावर विश्वास ठेवून सुकलाल उतरला.

भिकुबाईने मुलाचे डोके मांडीवर घेतले होते. नवनीत तिच्याकडे पाहत नव्हता. तो रस्त्यापलीकडे, टपरीसमोरच्या, तेलाने काळ्या पडलेल्या मातीकडे पाहत होता. हिंमतरावांनी, रुमाल नाकाला धरून, त्याच्या शेजारी एक शिपाई उभा केला. आता जमाव अनोळखी राहिलेला नव्हता.

एवढ्याने तिघे कशाने मेले हे समजले. हा वायू या खड्ड्यात कोठून आला, हे समजले नव्हते, आणि करणसिंगचा आक्षेप अजून उभा होता: कोंबड्यांच्या खड्ड्यांत हीच माणसे उतरली आणि जिवंत राहिली होती.

चेतनाबाईंनी लांब दांडीच्या डब्याने खड्ड्यातील गाळ काढला. त्यात बोटाएवढी मासळी होती. काही तर नखाएवढी. मोठा मासा एकही नव्हता.

"कोंबड्यांच्या खड्ड्यात चुना टाकत होतात?"

"थरावर थर," करणसिंग म्हणाला. "सरकारी पथक उभं राहून टाकून घेई."

"इथे?"

"इथे कसा टाकणार? हे खायचं आहे, मॅडम. चुना घातलं खाद्य कोंबडी तोंडात घेते का?"

"पूर्वी मासळी सुकी यायची ना तुमच्याकडे?"

"पोत्यांनी. या हंगामात ओली येते, क्रेटमध्ये, बर्फात. बर्फ वितळला की मासळीसोबत आलेलं समुद्राचं खारं पाणीही सगळं खड्ड्यातच. ओली स्वस्त पडते. आणि भट्टी एवढी पुरत नाही, म्हणून साठवावी लागते." त्याने भिंतीशी रचलेल्या क्रेटकडे हात केला. प्रत्येकावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. "चोरीचा माल समजू नका. तो पट्टा सरकारी आहे. लिलावातला माल आहे."

"कसला लिलाव?"

"जप्तीचा. माशांची पिलं पकडायला बंदी आहे ना आता? प्रत्येक जातीचं माप ठरवलंय. त्याहून लहान मासा बोटीवर सापडला की मत्स्य खातं जप्त करतं. या वर्षी मोहीमच आहे. बोटीमागून बोटी धरतात. आम्ही धक्क्यावर उभे असतो. बोली लावायची आणि उचलायचं."

हिंमतरावांनी रुमाल बाजूला घेतला. "म्हणजे पिलं विकणं हा गुन्हा."

"हो."

"आणि सरकारने विकलेली पिलं घेणं हा गुन्हा नाही."

"साहेब, पावती आहे माझ्याकडे," करणसिंग म्हणाला. त्याला यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते.

चेतनाबाईंनी बंदरावरील अधिकाऱ्याला फोन लावला. तो थकलेला आणि सभ्य माणूस होता. जप्त मासळी नष्ट का करीत नाही, असे विचारल्यावर त्याने सरळ उत्तर दिले.

"नाशवंत माल आहे, बाई. नाशवंत मालाचा ताबडतोब लिलाव करावा, रक्कम भरावी, असं कायद्यातच आहे. मेलेली पिलं समुद्रात परत टाकून जिवंत होत नाहीत. पुरायची तर जागा कुठे, आणि हिशेबाला काय दाखवू? आम्ही माप लावतो, दंड करतो, जप्त करतो, विकतो. या वर्षी आमची कामगिरी सगळ्यांत जास्त आहे."

"घेणारा त्याचं काय करतो, हे कोण पाहतं?"

"आमची हद्द धक्क्यापर्यंत. पावती फाडली की तो मासा राहत नाही, माल होतो."

"आणि इथे कोण पाहतं? नंदुरबार जिल्ह्यात?"

"तुमच्याकडे समुद्र कुठे आहे, बाई?"

फोनचा स्पीकर चालू होता आणि आवाज आवारात सर्वांना ऐकू येत होता. भिकुबाईने मान वर केली. "समिंदर कोठे शे?" तिने विचारले. तिचा प्रश्न खराखुरा होता. "आम्हनामा कोणी देखेल बी नही, बाई. मन्हा पोरनी बी नही देखा."

तबस्सुमला दुसऱ्या दिवशी सोडण्यात आले. नजीरची आई फाटकाशी होती. ती थुंकली नाही, आणि तिने क्षमाही मागितली नाही. तिने वाट सोडली. तबस्सुमने मागितलेला कागद चेतनाबाईंनी तिला दिला. ती अहवालाची प्रत होती. त्यातील निष्कर्ष असा होता.

अन्नात विष नव्हते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. मासळीसोबत आलेले ते खारे पाणी हवाबंद खड्ड्यात साचले आणि सडणाऱ्या मासळीवर वाढलेल्या जिवाणूंनी त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार केला. कोंबड्यांच्या खड्ड्यांत समुद्राचे पाणी नव्हते आणि चुना होता. चुन्यामुळे हा वायू द्रवातच बांधलेला राहतो. येथे चुना नव्हता, कारण मासळी खाद्य म्हणून वापरायची होती. तुंबलेला पंप मोकळा करताना गाळ ढवळला गेला तेव्हा साठलेला वायू एकदम सुटला. मृतांनी साथीच्या अनुभवावरून जंतूंपासून वाचवणारी किटे वायूसाठी वापरली. मासळी ओली होती, कारण ती वाळवणाऱ्यांकडून न येता जप्तीच्या लिलावातून थेट येत होती. ती जप्त झाली होती, कारण ती पकडणे समुद्राच्या रक्षणासाठी बेकायदा होते. ती विकली गेली, कारण जप्त केलेल्या मासळीचे विक्रीखेरीज दुसरे काही करावे अशी तरतूद कायद्यात नव्हती, आणि विक्रीनंतर ती कोठे जाते हे पाहण्याचे काम कोणाकडेही दिलेले नव्हते.